कर्त्याचा पक्षपात

सन १८६६ मध्ये सुरतेच्या दोन नागर ब्राह्मणांच्या हातून दोन पुस्तके पुरी झाली. एक कवी नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजे नर्मद, यांचे ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र. आणि दुसरी, गुजराती भाषेतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून मान्यता पावलेली, नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’. नर्मदने स्वतःविषयी काहीही हातचे राखले नाही. आपले रूप, आपली भीती, आपले शौक, आपले कर्ज या सर्वांची नोंद त्याने अशा निर्भीडपणे केली की पुढे स्वतःच बिचकल्याप्रमाणे त्याने पुस्तकाच्या मोजक्याच प्रती काढल्या, आणि सर्वसामान्य वाचकाच्या हाती ते पुस्तक पडले ते १९३३ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, कर्त्याला जाऊन ४७ वर्षे लोटल्यावर. नंदशंकरांनी याच्या अगदी उलट केले. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा राजा, पाटणचा दरबार आणि दिल्लीचा सुलतान यांच्या आड सुरतेच्या इंग्रजी शाळेचा हा हेडमास्तर असा काही दडून बसला की त्याचा आवाजही कोणाला ओळखू येऊ नये. या दोघांपैकी अधिक उघडा कोण पडला, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे, आणि त्याचे माझे उत्तर नंदशंकर असे आहे. ते तसे का आहे हे सांगण्यासाठी मात्र वाङ्मयाच्या अंगणातून उठून थोडा वेळ वेदान्ताच्या ओसरीवर जाऊन बसावे लागेल.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण होते, किंवा फार तर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात व्यासपीठाकडे भिरकावलेल्या त्या जोड्याची. आणि आज उधना-लिंबायतच्या बाजूला खानदेशातून पोटासाठी आलेल्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या हजारो कुटुंबांच्या दृष्टीने सुरत म्हणजे माग आणि पाळी. गोपीपुऱ्याच्या गल्ल्यांत गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात एक वाङ्मयीन संसार मांडला गेला होता, गुजराती समीक्षेचा आरंभही ‘करण घेलो’वर लिहिणाऱ्या नवलराम पंड्या या सुरतकरानेच केला, ही गोष्ट आपल्या लोकांच्या सहसा कानावर येत नाही. म्हणून हे उदाहरण घेतले. एरवी पुण्या-मुंबईची उदाहरणे हाताशी होतीच.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सूत्रकारांपुढे एक अवघड फिर्याद येते. जगात कोणी सुखी, कोणी दुःखी, कोणी जन्मतःच आंधळा, कोणी राजपुत्र. आणि अखेरीस सर्वांचा संहार. असे जग ज्याने निर्माण केले त्या ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप का येऊ नयेत? सूत्रकारांचा जबाब असा की ईश्वर सापेक्ष आहे. तो प्राण्यांच्या धर्माधर्माकडे पाहून सृष्टी करतो, स्वतःच्या मर्जीने करीत नाही. शंकराचार्यांनी येथे पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे: पाऊस भातावर पडतो तसाच जवावर पडतो, अंकुर मात्र ज्या त्या बीजाच्या सामर्थ्याप्रमाणे निराळा फुटतो. पण सृष्टीच्या आधी प्राणीच नव्हते, मग त्यांचे कर्म कोठून आले, ही पुढची शंका लगोलग येते; आणि संसार अनादी आहे, पहिले कर्म असे कोठे नाहीच, या उत्तराने तिचा निकाल लावला जातो. हा निकाल सर्वांनाच पटेल असे नाही. पण युक्तिवादाची घडण पाहण्याजोगी आहे, कारण निर्मात्याची निर्दोषता येथे सर्वस्वी एकाच आधारावर उभी आहे: पात्रांचे कर्म त्याने निर्माण केलेले नाही.

आता कादंबरीकाराला याच न्यायासनासमोर उभे करावे. कवी हा काव्यसृष्टीचा प्रजापती आहे आणि त्याला रुचेल तसे ते विश्व पालटते, असे आनंदवर्धनाने म्हटले आणि आपण ते मोठ्या कौतुकाने आजवर उद्धृत करीत आलो; परंतु या प्रजापतिपदाबरोबर जी जबाबदारी अंगावर येते तिचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. कादंबरीकाराला सापेक्षतेचा जबाब देता येत नाही. नायिका चौथ्या प्रकरणात विधवा झाली ती तिच्या पूर्वकर्माने झाली असे तो म्हणू लागला, तर ते पूर्वकर्मही त्यानेच तिसऱ्या प्रकरणात लिहिलेले असते. त्याची सृष्टी अनादी नाही; तिला पहिले पान आहे, आणि त्या पानाच्या मागे त्या कर्त्यावाचून दुसरे कोणी नाही. मग त्या सृष्टीत जे वैषम्य आढळेल, कोणाला क्षमा मिळाली आणि कोणाला नाही, कोणाच्या मरणाला दहा पाने लाभली आणि कोणाचे मरण एका ओळीत उरकले, ते सर्व कोणाच्या खाती मांडावयाचे? कर्त्याच्या स्वभावाखेरीज दुसरे खाते मला तरी दिसत नाही.

आत्मचरित्रकाराची स्थिती याहून सुखाची असते. त्याच्या पात्रांचे कर्म खरोखरीच अनादी असते. आई-बाप त्याने निवडलेले नसतात, सावकार त्याने कल्पिलेला नसतो, आणि आपल्या वागण्याचा खुलासा देताना त्याला घडलेल्या गोष्टींकडे बोट दाखविता येते. नर्मद कितीही बोलला तरी त्याने सांगितले तेवढेच त्याने कबूल केले. नंदशंकर काहीच बोलले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या कथेतील प्रत्येक निवाडा त्यांच्यावर उलटतो.

‘करण घेलो’ची कथा थोडक्यात अशी. गुजरातचा अखेरचा वाघेला राजा करण आपला प्रधान माधव याची पत्नी रूपसुंदरी हिच्यावर लुब्ध होऊन तिला बळाने हरण करतो. त्या झटापटीत माधवाचा भाऊ केशव मारला जातो. केशवाची पत्नी गुणसुंदरी सती जाताना राजाला शाप देते. आणि अपमानाने पेटलेला माधव दिल्लीला जाऊन अलाउद्दीन खिलजीला गुजरातेवर घेऊन येतो. पाटण पडते, राणी कमलादेवी सुलतानाच्या जनानखान्यात जाते, राजा बागलाणच्या डोंगरांत आश्रय शोधतो, आणि देवगिरीच्या यादवांकडे द्यावयाची ठरलेली राजकन्या देवलदेवी हीही शेवटी शत्रूच्याच हाती लागते. वेरूळची लेणी पाहावयास गेलेल्या शिपायांशी गाठ पडून ती पकडली गेली अशी हकीकत इतिहासकार फिरिश्त्याने दिलेली आहे, तेव्हा या गुजराती शोकान्तिकेचा एक अंक आपल्या मराठी भूमीवर घडलेला आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

या कथेत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते गुणसुंदरीचे सतीगमन. नंदशंकर सुरतेच्या सुधारक वातावरणात वाढलेले गृहस्थ. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी याच शहरात मानवधर्म सभा स्थापून मंत्रतंत्र करणाऱ्यांना जाहीर आव्हाने दिली होती. सतीची चाल कायद्याने बंद होऊन तर नंदशंकर जन्मले तेव्हाच काही वर्षे झाली होती. शाप, मंत्र, चितेवरची वाणी यांवर या विद्वान हेडमास्तराच्या बुद्धीचा विश्वास असेल असे मानावयास काही आधार नाही. तरी त्याच्या कादंबरीत शाप फळतो. एकदा फळत नाही, अक्षरशः पायरीपायरीने फळतो. राज्य, राणी, कन्या, कीर्ती या क्रमाने राजाचे एकेक हिरावले जाते, आणि कर्ता कोठेही हात आवरता घेत नाही. बुद्धीला अमान्य असलेली गोष्ट कथेच्या चौकटीत सर्वाधिकार गाजविते, यावरून असे वाटते की मत ही एक वस्तू आहे आणि ज्या भूमीतून कथा उगवते तो स्वभाव ही दुसरी. नंदशंकरांचे मत सुधारकाचे होते. स्वभाव मात्र असा होता की अपराध आणि दंड यांच्यामध्ये मोकळी जागा राहिलेली त्याला सोसत नव्हती. एका स्त्रीचा अपहार झाला, तर संपूर्ण राज्य बुडल्याशिवाय त्याच्या न्यायबुद्धीचा हिशेब मिटत नव्हता. ज्याने हा हिशेब असा मांडला तो मनुष्य करड्या शिस्तीचा असावा, आणि क्षमेपेक्षा चोख व्यवहार त्याला अधिक प्रिय असावा, असा तर्क मी केवळ कादंबरीवरून करतो.

येथे एक रास्त आक्षेप येईल की ही कथा नंदशंकरांनी निर्माण केलेलीच नाही. खरे आहे. जालोरच्या पद्मनाभाने १४५५ च्या ‘कान्हडदे प्रबंधा’त माधवाच्या अपमानाची आणि त्याने आणलेल्या तुर्की फौजेची गोष्ट सांगितलेली आहे, भाटांच्या मुखी ती होतीच, आणि फोर्ब्सच्या १८५६ मध्ये निघालेल्या ‘रासमाळे’मुळे ती इंग्रजी जाणणाऱ्यांनाही सुलभ झाली होती. ऐतिहासिक कादंबरीकाराला म्हणून थोडीशी अनादिता उसनी मिळते. राज्य बुडाले हे त्याने केलेले नाही. पण याच घटना अमीर खुस्रोच्या हाती पडल्या तेव्हा काय झाले ते पाहावे. १३१६ च्या सुमारास त्याने देवलदेवी आणि शाहजादा खिज्रखान यांच्यावर फारसी प्रेमकाव्य रचले, आणि एका राजकुलाचा जो सर्वनाश त्याचे त्याने दोन तरुण जीवांच्या अनुरागाकडे जाणाऱ्या वाटेत रूपांतर केले. पुढे खिज्रखानाचे डोळे काढून त्याचा वध झाला तेव्हा कवीला तो शोकाचा भागही जोडावा लागला. तथापि त्याच्या काव्यात करण राजाच्या पापाला महत्त्व नाही, रूपसुंदरी नाही, शाप नाही. खुस्रो दरबारी कवी होता, धन्याच्या पुत्राविषयी त्याने दुसरे काय लिहावे, असे कोणी म्हणेल. आणि त्यात तथ्यही आहे, कारण जहागीर आणि खिलत यांचेही वजन लेखणीवर पडते. परंतु नंदशंकरांवरही तसे वजन होतेच. इंग्रजी नवलकथांच्या धर्तीवर गुजरातीत काही लिहावे ही प्रेरणा त्यांना रसेल नावाच्या सरकारी विद्याधिकाऱ्याकडून मिळाली होती. दोघांच्याही मागे सरकार होते. एकाला त्या हकीकतीत प्रीती दिसली, दुसऱ्याला प्रायश्चित्त.

आपल्या साहित्यशास्त्रकारांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. दहाव्या शतकाच्या तोंडाशी होऊन गेलेल्या राजशेखराने, ज्याच्या पणजोबाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत, ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या सांगताना स्पष्टच म्हटले आहे की जसा कवीचा स्वभाव तसे त्याचे काव्य, आणि चित्रकाराचा चेहरा जसा तशी त्याची चित्रे अशी लोकांत म्हणच आहे. त्याचा निष्कर्ष मोठा व्यावहारिक आहे: म्हणून कवीने वाणी, मन आणि शरीर ही तिन्ही शुचिर्भूत ठेवावीत. कुंतकाने याच्याही पुढे जाऊन वैदर्भी, गौडी ही देशांवरून केलेली रीतींची विभागणी मोडून काढली आणि सुकुमार, विचित्र, मध्यम हे तीन मार्ग कविस्वभावावर उभारले. त्याच्या मते स्वभाव आणि शक्ती यांची फारकत करता येत नाही. ज्याचा जसा स्वभाव, तशीच त्याची शक्ती, आणि त्याची व्युत्पत्ती व अभ्यासही त्याच दिशेने वळतात. कोणती पुस्तके मनुष्य वाचील हेसुद्धा त्याच्या प्रकृतीने आधीच ठरवून टाकलेले असते, हे कुंतकाचे मर्म ज्याने ग्रंथालयाच्या कपाटांपुढे उभ्या असलेल्या वाचकांना न्याहाळले असेल त्याला सहज पटेल.

पण स्वभाव म्हणजे त्या वेळची मनःस्थिती नव्हे, आणि येथे अभिनवगुप्ताने जी रेघ ओढली ती फार मोलाची आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, या परंपरागत विधानावर भाष्य करताना तो बजावतो की हा शोक त्या मुनीचा स्वतःचा समजू नये. कारण मुनी स्वतःच दुःखाने व्याकुळ झाला असता तर दुःखच उरले असते, रस निष्पन्न झाला नसता. जे लेखक आपल्या तात्कालिक लहरीला प्रतिभेचे नाव देतात त्यांनी हे भाष्य एकदा वाचावे. नर्मदने मात्र तरुणपणी उलट पक्ष घेतला होता. हॅझलिटच्या वाचनाने प्रभावित होऊन १८५८ च्या ‘कवि अने कविता’ या निबंधात त्याने ‘जोस्सो’, म्हणजे आवेग, हाच काव्याचा प्राण ठरविला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीच्या मांडीवर डोके ठेवले. आणि आयुष्यभर तो त्या आवेगाशी इमानाने वागला. या आवेगातून गुजरातीला तिचे पहिले समर्थ गद्य मिळाले, कोश मिळाला, ‘दांडियो’ हे नियतकालिक मिळाले. पण त्याने मनाशी धरलेले महाकाव्य पुरे झाले नाही. माझा समज असा की महाकाव्याला दुसऱ्या माणसांची गरज असते, आणि जोस्सो दुसऱ्या कोणाला खोलीत फार वेळ बसू देत नाही.

नर्मदच्या चरित्रात याहूनही विलक्षण एक गोष्ट आहे. १८६० मध्ये विधवाविवाहाच्या प्रश्नावर वैष्णव आचार्य जदुनाथजी महाराजांशी भर सभेत भिडणारा हा सुधारक उत्तरायुष्यात प्राचीन धर्माचा कैवारी झाला, आणि १८८५ च्या ‘धर्मविचारा’त त्याने आपल्याच पूर्वीच्या मतांचा अव्हेर केला. मते पूर्णपणे उलटी झाली. त्यांतील ताप तेवढाच राहिला. सुधारणेचा पक्ष जितक्या तावातावाने मांडला तितक्याच तावातावाने परंपरेचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात पुरुष हा श्रद्धामय असल्याचे सांगितले आहे, त्याचा अर्थ लावताना आपण श्रद्धेचा विषय कोणता याकडेच पाहतो. नर्मदकडे पाहिल्यावर वाटते की विषय बदलला तरी श्रद्धेची जात बदलत नाही, आणि वाङ्मयात उतरते ती ही जातच.

मग प्रत्येक कादंबरीकाराचा स्वभाव त्याच्या सृष्टीवरून सरळ वाचता येतो काय? चिंतामण विनायक जोशी यांचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी सावध करते. चिं. वि. बडोद्यास पाली शिकवीत. सर्व काही दुःखमय आहे या आर्यसत्याशी त्यांचा रोजचा परिचय. आणि त्यांच्या हातून निर्माण झाले ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ. वरवर पाहता हा विरोध आहे. पण चिमणरावाच्या जगाचा न्याय कसा चालतो ते पाहिले तर विरोध मावळतो. तेथे तृष्णा आहे, तिच्यापायी होणारी फजिती आहे, आणि फजितीनंतर कोणाचाही सर्वनाश नाही. मनुष्य पुन्हा तसाच नव्या मोहाला सामोरा जातो. दुःखाचे कारण जाणणारा आणि तरीही दुःख भोगणाऱ्यावर न रागावणारा कर्ता येथे दिसतो. नैर्घृण्य त्यांच्या ठायी नव्हतेच. वैषम्य होते ते गुंड्याभाऊच्या बाजूने, आणि ते कोणीही खपवून घेईल.

याच्या दुसऱ्या टोकाला धारवाडचे जी. ए. कुलकर्णी. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ या संग्रहांतील माणसे ज्या नियतीच्या हाती सापडतात तिला अपराध लागत नाही. गुणसुंदरीचा शापही तेथे चैन वाटावी, कारण शापाला निदान कारण असते. समीक्षकांनी या नियतीचे तत्त्वज्ञान पुष्कळ शोधले, ग्रीकांपर्यंत जाऊन शोधले. लहान वयापासून घरातील माणसांचे मृत्यू पाहिलेल्या, पुढे लोकांपासून दूर राहिलेल्या एका मनुष्याच्या चित्ताचा हा वर्ण आहे असे म्हणून ते तत्त्वज्ञान खाली आणण्याची मोहक सोय आहे. मी ती घेणार नाही. तसे दुःख पुष्कळांनी भोगले आणि त्यांतील बहुतेकांनी काहीही लिहिले नाही, काहींनी तर विनोदी लिहिले. मला जी. एं.बाबत निराळीच गोष्ट जाणवते. सूत्रकारांनी ईश्वराला ज्या आरोपातून सोडविले तोच आरोप ते आपल्या अंगावर घेतात. आपल्या पात्रांना कर्माचा आधार देऊन स्वतःला सोडवून घेण्याची युक्ती ते वापरीत नाहीत. वैषम्य आहे, नैर्घृण्य आहे, आणि कर्ता त्याचा खुलासा करावयास बांधलेला नाही, असे जग ते उघड्या डोळ्यांनी मांडतात. यात क्रौर्य नाही. नंदशंकरांच्या चोख न्यायापेक्षा हा मला अधिक सश्रद्ध माणसाचा व्यवहार वाटतो, जरी त्यांच्या कथांत देवाचे नाव शोधूनही सापडण्यास कष्ट पडतील.

नंदशंकरांविषयी एक तर्क आणखी सांगावासा वाटतो, तो सिद्ध करता येत नाही हे मान्य करूनच. १८३७ च्या एप्रिलात सुरतेला जी आग लागली तीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्म झाली, आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. नंदशंकर तेव्हा दोन वर्षांचे होते, नर्मद पुरता चारचाही नव्हता. मोगलांचे हे बंदर मुंबईने आधीच निस्तेज केले होते; त्या वर्षाने ते पुरते बसविले. उद्ध्वस्त वैभवाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या दोन मुलांपैकी एकाने गुजरातच्या गत वैभवाचे आवेशाने गान केले आणि दुसरा, हे सर्व कोणाच्या पापाने झाले, ते विचारीत राहिला. एकाच आगीची धग दोघांना लागली असेल. ती काय शिजविणार हे मात्र तिने ठरविले नाही.

आज सुरतेच्या विद्यापीठाला नर्मदचे नाव आहे, महानगरपालिकेच्या मोठ्या ग्रंथालयालाही त्याचेच. नंदशंकरांचे नाव अभ्यासक्रमात राहिले. त्यांना या वाटणीचे वाईट वाटले नसते, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. ‘करण घेलो’ वाचकांनी उचलून धरली असताना त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. ते महसूल खात्यात गेले, मामलेदार झाले, पुढे संस्थानी कारभारात शिरून कच्छच्या दिवाणपदापर्यंत पोहोचले, आणि १९०५ मध्ये वारले. कादंबरीनंतरची पुष्कळ वर्षे या गृहस्थाने खऱ्या माणसांच्या अर्जांवर निकाल देण्यात घालविली. आणि तेथे समोर उभ्या राहिलेल्या कुळाचे कर्ज, भाऊबंदकी, बुडालेले पीक यांतले काहीही त्यांनी लिहिलेले नसे. दफ्तर आधीच तयार असे, साक्षी दुसऱ्यांच्या असत, त्यांनी फक्त शेरा मारावयाचा असे. राज्य बुडविण्याची मुभा नव्हती, तहकुबी देण्याची होती.